तिसऱ्या सिलेंडरचा ठोका

"चावी दे, बंकट."

"न्हाई देत."

नांदूरघाटच्या सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याच्या कीर्तनाला महाराजांना दिंद्रुडहून आणायचं होतं आणि तो मान मुंजाजीनं भर मांडवात आपल्या जीपला मागून घेतला होता. तीच जीप परवा इंजिन बांधून बंकटच्या गॅरेजातून निघाली आणि आज सकाळी खट् खट् वाजत पुन्हा त्याच्याच दारात उभी राहिली.

"चार लोकांत तुला बोललो, त्याचा डाव धरलास का बे? कावून वाजतंय मग?"

"तेच बघायचंय. असंच नेलंस तर रॉड इंजिन फोडून भाईर येईल. आत महाराज बसलेले असतील."

"महाराजांचं नाव त्या तेलकट तोंडानं घेऊ नको."

जीप चालू करून बंकटनं पहिल्या सिलेंडरच्या डिझेल पाइपाचा नट ढिला करून त्याचं डिझेल तोडलं. इंजिन लंगडायला लागलं, पण खट् खट् तसंच. नट आवळून दुसऱ्याचा ढिला केला. तसंच. तिसऱ्याचा ढिला केला आणि ठोका एकदम दबला, वाजत्या पखवाजावर कुणी तळहात ठेवावा तसा.

"गेला!" मुंजाजी बोलून गेला. पखवाज वाजवणाऱ्याचा कान तो. बोलून गेल्याचा मग त्याला रागच आला.

"तिसऱ्याच्या बुडाला हाय. चेंबर खोलावं लागंल."

"खोल. जुनं बेरिंग घातलं असशील. दिसू दे समद्या गावाला."

तेल काढलं, इंजिनाच्या तळाचं चेंबर उतरवलं. बंकट जीपखाली उताणा झाला. भरवसा नाही म्हणून मुंजाजीही धोतर खोचून शेजारी आडवा झाला. बेरिंग नवंच होतं, फक्त ठोके खाऊन ओरबाडलेलं. आणि ते आवळून धरणारा रॉडचा एक नट बंकटच्या नुसत्या बोटांनी गरकन फिरला.

"मुद्दाम सैल ठेवलास."

"परवा ह्याच नटावर पाना होता," बंकट वर बघतच म्हणाला. "तू चार लोकांत दारात येऊन बोंबललास. तुझा पहारा चुकला, वीणा आता कुणाच्या गळ्यात घालू, धर्म बुडवतो का म्हणून. तसाच हात पुसत मांडवात पळालो. माघारी आलो अन् आवळलंय समजून चेंबर लावलं."

सप्ताभर वीणा भुईला टेकवत नाहीत. ज्याची पाळी त्यानं गळ्यात घेऊन उभं राहायचं. पाळ्या लावायचं काम मुंजाजीचं.

"म्हंजे दोष माझा?"

"नट माझा. बोंब तुझी."

मुंजाजी सरपटत बाहेर आला. महाराजांना आणायचा मान गावातल्या भगवानरावांनाही हवा होता. मुंजाजीनं तो त्यांच्या तोंडातून काढला होता. आता त्यांनाच फोन लावणं आलं.

"भगवानराव, दिंद्रुडला तुमची गाडी काढा. माझी जीप न्हाई जात." पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग काहीतरी विचारणा. मुंजाजीनं जीपखालून बाहेर आलेल्या बंकटच्या पायांकडं पाहिलं. "कारण काय कारण! काम चालू असताना मीच मिस्त्रीला उठवून नेलं. हसा लई. पण निघा आधी."

फोन खिशात टाकून त्यानं टायरावर लाथ घातली.

"नवं बेरिंग घाल बे. अन् नट आवळून होईस्तोवर उठायचं न्हाई. देव दारात आला तरी न्हाई!"