एस्तेरसाठी काढलेली दुपार

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. पण घड्याळातून वेळ काढणारा नागपुरात एकच माणूस झाला, आणि तो तुमच्यासमोर चहा पीत बसला आहे.

"घड्याळातून?" शेजारचा मुकुंद म्हणाला. बँकेतला माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीवर सही लागते.

हो, घड्याळातून. गोष्ट पासष्ट सालची. मी तेव्हा संत्रा बाजारात बापूजी अडत्याकडे कामाला होतो, आणि मला नीलाशी लग्न करायचं होतं. तीच ही, आत कांदे चिरते आहे ती. तिचे वडील मनोहरराव मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी एका रविवारी मला चर्चच्या दारातच अडवलं.

"बळीराम, रोज पवित्र शास्त्र वाचतं काय गा?"

"वेळच नाही मिळत जी. काटोलच्या गाड्या पहाटेच येतात. संत्री मोजता मोजता अंधार पडते."

"वेळ मिळत नसते, काढा लागते. शास्त्रासाठी काढशीन, तर पोरीचं पाहू. नाही तं कुहीचं एक स्थळ आलंच आहे."

मी आज्ञाधारक माणूस. दुसऱ्या दिवशी अडतीच्या भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि वेळ काढायला बसलो. हात संत्री सोलून तयार झालेला. बाराच्या आकड्यापाशी नख लावलं तशी साल सुटली, आणि आत वेळ फोडीफोडींनी बसलेला. अकरा आणि बाराच्या मधली एक फोड अलगद काढली, खिशात टाकली.

घरी ती बायबलवर ठेवली आणि सगळं थांबलं. उतू जाणारं दूध पातेल्याच्या काठावर लोंबकळत राहिलं. आई माझ्यावर ओरडत होती, तिचं तोंड 'मेल्या'तल्या 'मे'वरच उघडं राहिलं. मी पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, अध्याय निवांत वाचले. फोड सुकली तेव्हा कुठं 'ल्या' आलं.

पण बाजारात बोंब झाली. अकरानंतर एकदम बारा. बापूजींनी अर्धा भाव सांगितला, तोवर गिऱ्हाईक जेवून परत. काटोलची बस सुटायच्या आधीच पोचली, आणि आतली माणसं तिकीट काढायला पुन्हा काटोलला गेली. धंतोलीत एकाला ताप यायच्या आधी औषध मिळालं, तर तो डॉक्टरवरच चिडला.

"काहून रे," बापूजी म्हणाले, "माह्या धंद्याचा वेळ खाऊन राहिला तू?"

तेव्हा अक्कल आली. वेळ काढायचा तर कुणाला नको असलेला काढावा. आणि नागपुरात कुणालाच नको अशी वस्तू कोणती? मे महिन्यातली दुपार. मग काय, अख्ख्या दुपारी काढल्या मी. गावाला सकाळनंतर थेट संध्याकाळ. डांबर वितळेना, गारव्यासाठी दारांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडून राहिल्या, लोक कुणाला तरी दुवा देऊ लागले. त्या सगळ्या दुपारी माझ्या एकट्याच्या खोलीत. बायबलातलं दुसरं पुस्तक, निर्गम, वाचत होतो, तर लाल समुद्र दुभंगायच्या आधी आटलाच.

जून लागला आणि मी मनोहररावांपुढं उभा राहिलो. नीला दाराआड. कुहीचं स्थळ ओसरीवर पोहे खात बसलेलं.

"काय वाचलं आतापर्यंत?"

"एस्तेरच्या पुस्तकापर्यंत आलो जी. काय ती बाई. राणी होऊनही आपल्या लोकांसाठी जीव धोक्यात घातला तिनं. आणि पानोपानी देवाचं नाव. जिथं जिथं आलं, तिथं तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारली. पेन्सिल संपली जी."

मनोहररावांचे डोळे भरून आले. त्यांनी मला छातीशी धरलं, कुहीच्या स्थळाच्या हातातली पोह्यांची बशी काढून माझ्या हातात दिली, आणि म्हणाले...

"काही नाही म्हणाले," नीला विळी सोडून बाहेर आली. "घड्याळ सोललं, ऐकून घेतलं. दूध लोंबकळलं, तेही ऐकून घेतलं. पण एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही नाही, मुकुंदभाऊ, उघडून पाहा. बाबानं त्यापायीच हाकलून देल्लं होतं यायले. मंग वर्षभर रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून, माह्यासमोर मोठ्यानं वाचलं, तवा कुठं होकार आला."