सायलेन्सर काढलेली सहल

दातांच्या डॉक्टरला पन्नाशीत मोटारसायकलचं वेड लागलं, तेव्हा त्याच्या बायकोला आधी बरंच वाटलं होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून माणूस आंबून जातो. रविवारी चार मित्रांबरोबर हिंडून आला तर बिघडलं कुठे? मग त्याने गाडीचा सायलेन्सर काढून तिथे एक आखूड, चकचकीत नळकांडं बसवून घेतलं आणि तिला पहिल्यांदा नवऱ्याची लाज वाटली. गाडी गल्लीत शिरली की झोपलेली पोरं दचकून रडायला लागायची. समोरच्या आजोबांच्या हातातला चहा बशीत सांडायचा. शेजारीण जिन्यात भेटली की म्हणायची, "आले वाटतं तुमचे," आणि त्या 'तुमचे'मध्ये सगळं यायचं.

"अगं, आवाज हाच तर गाडीचा जीव," नवरा म्हणायचा. दिवसभर ड्रिल कानाशी घेऊन बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा आवाजच हवा असावा, हे तिला काही उमगत नसे.

तिचं स्वतःचं पोट कानांवर चालायचं. ती दुभाषी होती. इस्पितळात परक्या भाषेतला डॉक्टर आणि तिच्या भाषेतलं कुणी समोरासमोर बसलं की मधे टेबलावर एक स्क्रीन ठेवायचे आणि त्या स्क्रीनमधून ही बोलायची. घरच्या मागच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून ती बसे. डॉक्टर जे म्हणेल ते आपल्या भाषेत, समोरचा जे म्हणेल ते डॉक्टरच्या भाषेत. पदरचा शब्द घालायचा नाही, समोरचा गाळायचा नाही आणि कितीही वाटलं तरी मऊ करायचा नाही. पेशंट रडला तरी हिने रडायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ते ती पाळत आली होती.

त्या वर्षी एका घरं रंगवणाऱ्या रंगाऱ्याची बायको तिच्या वाट्याला वारंवार येत होती. रंगाऱ्याच्या फुप्फुसांचं दुखणं हटत नव्हतं. डॉक्टर बदलले, नर्सेस बदलल्या, पण हा आवाज तोच राहिला, त्यामुळे त्या बाईचा जीव या आवाजात अडकला होता. "त्याच ताई असू देत हो," असं ती इस्पितळात दर वेळी सांगायची. सगळे रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टर तिच्याशी नीट बोलणार होते. मंगळवारी, सकाळी अकराला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात नवऱ्याच्या टोळीची सहल निघाली. टोळीच्या म्होरक्याला सगळे भोंगा म्हणायचे. फरशांचं दुकान चालवणारा, गळ्यात साखळी घालणारा, पोट सुटलेला गडी. बायकांनाही घेऊन जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"मी नाही येत. मंगळवारी माझं काम आहे," ती म्हणाली.

"तिथून कर की! वायफाय आहे तिथे, मी स्वतः फोन करून विचारलंय. तुझं बोलणं चालू असताना आम्ही शिंकणारसुद्धा नाही."

त्याने इतका आग्रह केला, इतक्या हौसेने बॅग उतरवून दिली, की ती तयार झाली.

सोमवारचा दिवस तिने भोंग्याच्या बायकोच्या गाडीत, खिडक्या बंद करून काढला. पुढे दहा-बारा मोटारसायकली. गाव आलं की मुद्दाम वेग कमी करायचा, क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा. कुत्री बिथरायची, म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची आणि हे गडी आपल्याला मानवंदना मिळाल्यासारखे माना ताठ करायचे. एका शाळेसमोरून जाताना तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. दुभाषीला त्या बाईंच्या चेहऱ्यावरची आठी स्पष्ट दिसली. आपणही याच वरातीतले आहोत, या जाणिवेने ती सीटमध्ये खाली सरकली.

"तुम्हाला सवय झाली असेल ना?" तिने भोंग्याच्या बायकोला विचारलं.

"सवय कसली होतेय," ती बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "बहिरेपण येतंय, त्यालाच सवय म्हणायचं."

उतरायची जागा म्हणजे रस्त्याकडेचं दुमजली गेस्टहाउस होतं. वायफाय होतं, पण फक्त खालच्या जेवणघरात आणि पुढच्या अंगणात. खोलीत नेट येत नव्हतं आणि फोनला रेंज नव्हती. मालकीणबाईंनी सांगितलं, "रेंज हवी तर सगळे समोरच्या पेट्रोल पंपावर जातात. तिथे मागच्या बाजूला येते थोडी." दुभाषीने सामान टाकल्या टाकल्या जेवणघरात बसून नेट तपासलं. चित्र हललं, आवाज आला. तिच्या जिवात जीव आला.

मंगळवारी नाश्त्याच्या वेळी ती सगळ्यांपुढे उभी राहून म्हणाली, "अकरापासून अर्धा तास मला शांतता हवी आहे. फार महत्त्वाचं बोलणं आहे."

भोंग्याने तोंडातलं अंडं गिळलं आणि छातीवर हात ठेवला. "वहिनी, शब्द दिला."

नवऱ्याने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. पाहिलंस, असं त्याला म्हणायचं होतं.

अकराला ती जेवणघराच्या कोपऱ्यात बसली. खिडक्या लावल्या, हेडफोन चढवला. स्क्रीनवर डॉक्टर दिसले आणि त्यांच्या शेजारी रंगाऱ्याची बायको. नेहमीचा फिका स्वेटर, मांडीवर पर्स. चित्र कालच्यासारखं सुरळीत नव्हतं, मधेच थिजत होतं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. त्यांचं वाक्य ऐकल्यावरही दुभाषीने आवाज स्थिर ठेवला.

"तुमच्या यजमानांना आपण जी औषधं देत होतो," ती म्हणाली, "ती आता लागू पडत—"

तेवढ्यात बाहेर जणू आभाळ फाटलं. अंगणातल्या सगळ्या मोटारसायकली एकदम गुरगुरल्या आणि मग कुणीतरी इशारा दिल्यासारख्या किंचाळू लागल्या. काचा थरथरल्या, गल्ल्यावरचे चमचे वाजले. 'नाहीत' हा शब्द तिने उच्चारला होता, पण तो तिचा तिलाच ऐकू आला नाही. आपल्या भाषेत सगळं भलंबुरं ठरवणारा शब्द वाक्याच्या शेवटी येतो आणि तेवढाच तो आवाज गिळून बसला. स्क्रीनवर रंगाऱ्याच्या बायकोने पर्स छातीशी धरली. तिचा चेहरा उजळत गेला. ती हसली. आणि चित्र तिथेच थिजलं, मग स्क्रीन काळी झाली.

दुभाषी धावत बाहेर गेली. उशिरा निघालेला एक मित्र नुकताच पोचला होता आणि त्याला सलामी देणं चाललं होतं. अंगणात निळसर धूर कोंडला होता, न जळलेल्या पेट्रोलचा वास घशात उतरत होता. नवरा गाडीवर बसला होता, समोर हँडलला फोन लावलेला. तिने दोन्ही हात हलवून थांबा, थांबा केलं. त्याने ते पाहिलं. नक्की पाहिलं, कारण तो तिच्याकडे बघून हसला, आणि हसत हसतच त्याने मूठ आणखी एकदा पिळली.

"वहिनींना सलामी!" भोंगा ओरडला. सगळे तिच्याकडे वळले आणि पुन्हा तेच.

नवऱ्याचं तोंड उघडं होतं. पांढरे, एकसारखे, नीट राखलेले दात. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या दातांवरून तिने कधी नजर वळवली नव्हती. आता वळवली.

भांडायला वेळ नव्हता. फोन मुठीत धरून ती रस्ता ओलांडून पंपावर पळाली. पुढे एका ट्रकच्या चाकांत हवा भरणं चाललं होतं, त्या पंपाची धडधड. ती मागे गेली. फोनवर रेंजची एक काडी आली, गेली, पुन्हा आली. दोन काड्या टिकल्या त्या फक्त संडासात. दाराला कडी नव्हती, ते तिने पायाने दाबून धरलं. फरशीवर पाणी होतं, पाणी म्हणायचं म्हणून. भिंतीला कशाचे ओघळ होते ते तिने बघितलं नाही. तोंडाने श्वास घेत तिने पुन्हा इस्पितळाला जोडून घेतलं.

"आहात का तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "त्या फार आनंदात दिसताहेत. त्यांना काय समजलंय?"

ती काही बोलणार तोच रंगाऱ्याची बायको पुढे झुकली. "ताई, लाइन गेली होती. पण मुख्य ते कळलं मला! लागू पडतायत ना औषधं? मी आत जाऊन यांना सांगूनसुद्धा आले. किती दिवसांनी हसले ते."

दुभाषीने डोळे मिटले. मऊ करायचा नाही.

"ताई, माझा आवाज तुटला होता. मी म्हटलं होतं, औषधं लागू पडत नाहीत."

"काय?"

दारावर धक्का बसला. "आत कोण आहे? आटपा की!" बाहेरून कुणी पुरुष ओरडला.

"नाहीत," दुभाषी म्हणाली, आणि तो माणूस अजून ओरडतच होता म्हणून तिला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "लागू पडत नाहीत, ताई."

पलीकडे काहीच हललं नाही. चित्र पुन्हा थिजलं की काय, असं तिला वाटलं. मग ती बाई अगदी हळू म्हणाली, "मग मघाशी काय म्हणालात?"

"हेच. पण इथे आवाज झाला."

"कसला आवाज?"

"मोटारसायकलींचा."

बाई तिच्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, काय बोलणं चाललंय. नियमाप्रमाणे दुभाषीने तेही सगळं शब्दशः त्यांच्या भाषेत सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग उरलेलं बोलणं झालं. आता घरी न्यायचं का, दुखणं कसं कमी ठेवायचं, किती अवधी असेल. ती एकेक वाक्य इकडून तिकडे पोचवत राहिली, पाय दाराला लावून, नाकात तो वास भरत. रंगाऱ्याच्या बायकोने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. "बरं," एवढंच म्हणत होती.

बाहेर आल्यावर दुभाषीने नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग तिथेच वाकून ओकली.

अंगणात गाड्या आता गप्प होत्या. नवरा पायरीवर फोन घेऊन बसला होता. "कुठे गेली होतीस? झालं काम? हे बघ, सलामी नेटवर लाइव्ह दाखवत होतो. पण इथलं वायफाय म्हणजे अगदीच भिकार. सगळ्यांनी एकदम लावलं तर दर मिनिटाला अडकत होतं."

म्हणजे नेटही यांनीच खाल्लं होतं. तिने त्याला काय घडलं ते सांगितलं. न रडता, काहीही न गाळता, जसं कामावर सांगते तसं. त्याचा चेहरा उतरला, हे खरं. त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "पण शेवटी कळलं ना त्यांना खरं काय ते? मग झालं तर."

राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. रागात माणूस भांडतो, रडतो, मोकळा होतो. तिला आली ती किळस. धुराचा, पेट्रोलचा, चामड्याच्या जाकिटातल्या घामाचा वास त्याच्या अंगाला येत होता, आणि तो तिचा हात धरायला पुढे सरकला तेव्हा ती अंग चोरून बाजूला झाली.

"सॉरी हं वहिनी," भोंगा मागून म्हणाला. "डोक्यातूनच गेलं बघा. चला, सगळे आहोत तर एक फोटो घेऊ."

ती वर जाऊन बॅग भरायला लागली. भोंग्याची बायको दारात उभी राहिली, हातात गाडीची किल्ली. "चला, घरी सोडते तुम्हाला."

"तुमची सहल?"

"माझी कधी होती?" ती म्हणाली. परतीच्या वाटेवर दोघी फारशा बोलल्या नाहीत. खिडक्या मात्र उघड्या ठेवल्या.

घरी आल्यावर दुभाषीने घडलेलं आपण होऊन वरिष्ठांना कळवलं. तिला काही आठवडे अशा बोलण्यांपासून दूर ठेवलं, तिने तक्रार केली नाही. नवरा दोन दिवसांनी आला आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन गाडीला जुना सायलेन्सर बसवून आणला. गल्लीला हायसं वाटलं. "बायकोसाठी केलं," तो जिन्यात, दवाखान्यात, भेटेल त्याला सांगत सुटला, आणि लोकही वा वा करू लागले. कौतुकाने तो असा फुलायचा की ती तिथून उठून जायची. सायलेन्सर बसला, पण तिचं अंग चोरणं काही थांबलं नाही. मागच्या खोलीत तिने एक खाट टाकून घेतली.

मग एका दुपारी इस्पितळातून बोलावणं आलं. रंगारी गेला होता. कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या आणि त्याच्या बायकोने पुन्हा हिलाच मागितलं होतं. सह्या झाल्या, कारकून उठून गेला. स्क्रीन चालूच होती.

"मी यांना पुन्हा सांगितलंच नाही, ताई," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "त्या दिवशी बरे होणार म्हणून सांगून आले होते, ते तसंच ठेवलं. शेवटपर्यंत म्हणत होते, उठलो की पहिल्यांदा आपलं स्वयंपाकघर रंगवतो. मी मान हलवायची. रोज हलवायची. कुणावर येऊ नये अशी वेळ."

 ज्याच्यासाठी भाषांतर करायचं, असं आता तिथे कुणी नव्हतं.

"राग आहे माझा तुमच्यावर," बाई पुढे म्हणाली. "पण नवीन आवाज नको वाटला." आणि तिने पर्स उचलली.

दुभाषीने हेडफोन काढला. स्वयंपाकघरात नवरा चहा करत होता. त्याने तिचा चेहरा पाहून विचारलं, "काय गं, काय झालं?"

सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं: म्हणजे बघ, एका परीने चांगलंच झालं की! सुस्कारा टाकून, हलका होऊन म्हणाला असता. रंगाऱ्याच्या बायकोचं ते मान हलवणं त्याच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली. आपला कप उचलून मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.