तेरा नंबरचा दगड

लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर मला विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन लेखी कळवावं लागलं, की एका प्राध्यापकांशी माझे प्रेमसंबंध आहेत.

नियमच तसा. शिक्षक आणि विद्यार्थी यांचं काही असेल तर अर्ज भरायचा; मग त्या शिक्षकाने त्या विद्यार्थ्याला शिकवायचं नाही, पेपर काढायचा नाही, तपासायचा नाही. पंचावन्नाव्या वर्षी मी भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला नाव घातलं होतं, आणि खनिजांचा विषय शिकवायचे आमचे हे. खिडकीमागच्या बाईंनी हसू दाबत विचारलं, "संबंध परस्पर संमतीने आहेत ना?"

"बहुतेक दिवस," मी म्हटलं.

हसण्यावारी नेलं खरं, पण आतून धुमसत होते. बाविसाव्या वर्षी मी याच विभागात शिकत होते आणि हे नुकतेच शिकवायला लागले होते. आमचं जुळलं, कुजबुज सुरू झाली, आणि शिक्षण कुणी सोडलं? मी. तेव्हा हा नियम असता तर माझा पेपर दुसऱ्या कुणी तपासला असता आणि विषय मिटला असता. यांनी तर चकार शब्द काढला नव्हता. तो राग अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

या वेळी बाजूला झाले ते हे. वर्गावर दुसऱ्या मॅडम आल्या. तरी पोरांची तोंडं कोण धरणार? "काकूंना काय, उत्तरं घरपोच." म्हणजे पहिली आले तरी पदवीला डाग तो डागच. मग परत आले कशाला मी?

प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले. टेबलावर नंबर घातलेले वीस दगड. दगड विभागाचे जुनेच, त्यांच्या ओळखी यांनीच वहीत लिहून ठेवलेल्या. तेरा नंबर म्हणजे कॅल्साइट, हे सगळा वर्ग डोळे मिटून लिहायचा. मी अ‍ॅसिडचा थेंब टाकला. कॅल्साइट असता तर फसफसला असता; हा ढिम्म. सुईने खरवडून भुकटी केली, पुन्हा थेंब टाकला, तेव्हा कुठे बुडबुडे आले. भुकटी केल्यावरच फसफसतो तो डोलोमाइट; मी बिनधास्त तेच लिहिलं.

परीक्षकांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "बाकीच्यांचं उत्तर वहीशी जुळतं. तुमचंच नाही."

"वही चुकलीय," मी म्हटलं.

त्यांनी यांना बोलावून घेतलं. यांनी दगड घेतला, थेंब टाकला, खरवडला, पुन्हा टाकला. मग चष्मा काढून वर्गाकडे वळले.

"चूक माझी. इतकी वर्षं मीच चुकीचं शिकवलं. आणि हिला मी घरी शिकवलं असतं, तर हिनेही कॅल्साइटच लिहिलं असतं."

मला तिथेच रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मी पहिली आले. निकालाचा कागद घेऊन हे विभागभर फिरत होते, कुणी विचारलं नाही तरी थांबवून सांगत होते, "माझ्याच विषयात पहिली. माझीच चूक काढून."