काय नको

चिमट्याच्या टोकावरचा स्क्रू – तिळाहून लहान – चष्म्याच्या काडीत बसता बसता पुन्हा निसटला, आणि तो ओलं बोट काउंटरवर फिरवत राहिला. चष्मा ग्रंथपालबाईंचा. त्या समोरच उभ्या होत्या. संध्याकाळी वाचक मंडळात या ना, म्हणाल्या, वहिनींच्या जागी. बायकोने वाचनालयातून शेवटी नेलेली कादंबरी आज चर्चेला होती. ती दवाखान्यात तिच्या उशाशी असायची. नंतर त्याने ती दोनदा वाचली, खुन्नस धरून वाचावी तशी.

कादंबरीतल्या शहरात सगळं सरकार ठरवतं – काम, लग्न, झोपायची वेळ – लोकांनी फक्त हो म्हणायचं. तिथली एक धोबीण सरकारी गणवेशांच्या घड्यांतून निरोप पोचवते, शेवटी पळायची वेळ येते, फाटक उघडं असतं, आणि ती नको म्हणते. नवरा एकटाच बाहेर जातो. पुढच्या पानांत त्याचा पत्ताच नाही. लेखकालाही त्याची गरज उरली नसावी.

संध्याकाळी वाचनालयात निवृत्त मास्तर म्हणाले, दुसऱ्याने उघडलेल्या फाटकातून जायलाही नकार, हेच खरं बंड. डेअरीवाल्या मावशींना ते पटलं नाही.

"बंड कसलं डोंबलाचं? एवढं जिवावर उदार होऊन सुटायचं, आणि बाहेर परत हाच नवरा."

सगळे हसले. मग त्याच्याकडे बघून एकदम गप्प झाले. ते गप्प होणंच जास्त लागलं. हसा की... माझी बायको गेली आहे, तुमची हसायची सोय कशाला जायला हवी?

बंड. हाच शब्द तेराव्याला मेहुणीनेही वापरला होता. ताई शेवटपर्यंत बंडखोर, औषधांची आणखी एक फेरी नको म्हणाली, केवढी धीराची. तो मान डोलवत होता आणि आतून पेटत होता – माझ्याशिवाय ठरवलंस, एका शब्दात, तेही भिंतीकडे तोंड करून. त्या रागाने त्याला इतके महिने उभं ठेवलं होतं. रागावरच तो सकाळी उठायचा, दाढी करायचा, दुकानाचं शटर वर ढकलायचा.

"तेवढी जागा वाचते," ग्रंथपालबाईंनी नीट झालेला चष्मा लावला. "तो म्हणाला, येतेस ना? का मी एकटाच जाऊ? ती म्हणाली, नको."

दोनदा वाचूनही हे कानावर पडलं नव्हतं.

"काय नको?" तो म्हणाला.

सगळे बघायला लागले. मास्तर समजुतीने म्हणाले, यायचं नाही, असा अर्थ. तो म्हणाला, नवऱ्याने दोन गोष्टी विचारल्यात. एकटा जाऊ नको, असं म्हणाली असेल. मास्तर म्हणाले, मग तसं स्पष्ट म्हणाली असती. यावर मावशी आपली पिशवी आवरत म्हणाल्या,

"एका दमात दोन विचारल्यावर बाई कुठल्याचं उत्तर देणार?"

घरी येताना वाटेतलं काही दिसलं नाही. पिशवी दिसत होती – दवाखान्यातल्या त्या सकाळची, त्याच्या खांद्यावरची, मळक्या कपड्यांची. डॉक्टर दारात थांबलेले. आणि तो तिला विचारतोय, परत औषध सुरू करायचं का, आणि मी जरा घरी जाऊन येऊ का? नको. त्याने डॉक्टरांना सांगितलं, ती नको म्हणते, आणि घरी गेला. अंघोळ केली. परत आला तेव्हा ती बोलण्यापलीकडे गेली होती. औषधाने काही फरक पडला नसता, डॉक्टर नंतर म्हणाले. औषधाचं कोण विचारतंय... एक विचारा आधी, मग दुसरं, असं ती जन्मभर सांगायची. तुमचं म्हणजे दोन्ही काड्या एकदम वाकवायच्या.

राग शोधला. रोज हाताशी असायचा तिथे सापडला नाही.

मुलीचा फोन आला. जेवलात का, दुकान कसं आहे. मग थोडं थांबून, बापाच्याच वळणावर जाऊन तिने विचारलं,

"बाबा, रविवारी येऊ का मी? ठेवू आता?"

"नको," तो म्हणाला.

पुढचा शब्द तोंडात होता. फोन कानाला घट्ट धरून तो ऐकत राहिला, ती कुठलं उत्तर उचलते ते.