झिजलेली पाती

कपाटातली पाती चोरीला जाताहेत, हे मेहुण्याने सगळ्या कारखान्यासमोर सांगितलं, आणि सांगताना बघितलं ते मास्तरांकडेच.

मास्तर म्हणजे कटिंगमास्तर. शर्टाच्या कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याचं मशीन त्यातून फिरवायचं, हे काम ते बावीस वर्षं करत होते. हात एकदा वाकडा गेला की ऐंशी शर्ट वाया. मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तिथला सुपरवायझर. मास्तरांनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं, आणि ते उपकार त्याला अजून पचले नव्हते.

"दाजी, एक पातं दीड महिना चालतं. तुम्हाला हल्ली दहा दिवसांत नवीन लागतं. जुनी कुठायत?"

"फेकली."

"पाच पाती फेकली? की शेजारच्या कारखान्यात पोचवली?"

शिलाईच्या बायकांनी मशीनं थांबवली. एक तोंडावर पदर घेऊन हसली.

"सोमवारी पाती आणून दाखवा, नाहीतर घरी बसा. नात्याचं मला सांगू नका."

"मी कधी सांगितलं रे? नातं तूच सांगत होतास, नोकरी लागेपर्यंत."

पाती विकलेली नव्हती. ती मास्तरांच्या घरी पलंगाखाली, पत्र्याच्या डब्यात होती.

आठ महिन्यांपूर्वी, थप्पीच्या मधोमध मशीन असताना, त्यांची छाती एकदम धडधडायला लागली. हात गार पडले. आता आपण इथेच कोसळणार आणि मेल्यावर शिव्या खाणार, असं वाटलं. दवाखान्यात छातीला वायरी लावून कागद काढला. हृदय ठणठणीत. पुन्हा झालं, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली. मास्तरांनी ती जिन्यातच फाडली.

मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला. मशीनला धार लावायचा खटका असतो. तो दाबला की दोन पट्टे पात्याला घासतात. तेवढा वेळ मास्तर नुसते उभे राहिले तरी कुणी कारण विचारत नाही. भीती आली की खटका. दिवसातून पाचदा, दहादा, मग चाळीसदा. रुंद पातं झिजून पट्टीएवढं, पुढे काडीएवढं व्हायचं. असलं पातं दाखवलं तर प्रश्न येणार. म्हणून ते कापडात गुंडाळून घरी.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. भावाने आधीच कान भरले होते.

"अहो, चोर आहात का तुम्ही?"

"असेन."

"असेन म्हणजे? माझ्या भावासमोर मला मान खाली घालायला लावता?"

"चोर बरा गं. चोराला लोक कामावर पुन्हा ठेवतात."

"आणि कुणाला नाही ठेवत?"

मास्तरांची नजर पलंगाकडे गेली. तिने पलंगाखालून डबा ओढला, उघडला, आणि काड्यांसारखी पाती बघत राहिली. मग त्यांच्या तोंडून एकेक करून सगळं बाहेर आलं. ऐकून तिला दया आली नाही. ती भडकली.

"आठ महिने विचारतेय, जेवत का नाही. तर म्हणे पित्त! पित्त कुणी पलंगाखाली ठेवतं का? उद्या त्या डॉक्टरकडे जायचं. नाही आलात, तर हा डबा मी तुमच्या कारखान्यात नेऊन उघडते."

"जगाला सांगशील, नवरा वेडा आहे?"

"खोटारडा आहे, एवढं नक्की सांगेन."

डॉक्टरीणबाई मास्तरांना मुळीच आवडल्या नाहीत. पोरीच्या वयाच्या, आणि सगळं विचारत होत्या.

"भीती आली की काय करता?"

"धार लावतो."

"मग?"

"मग जाते."

"ती तशीही गेली असती. थोड्या वेळाने आपणहून उतरते. तुम्ही मात्र श्रेय खटक्याला दिलंत. म्हणून दर वेळी खटका जास्त लागतो, आणि भीतीही लवकर परत येते."

"तुमचं काय जातं बोलायला? तुम्ही कापून बघा ऐंशी थर."

"मला नाही जमणार. पण तुम्ही पाच पाती भीतीपायीच संपवलीत ना?" त्यांनी कागद ओढला. "याला चिंताविकार म्हणतात. वेड नाही, नाटक नाही. रोज गोळी, दर आठवड्याला इथे येऊन बसायचं. भीती आली तरी खटक्याशिवाय उभं राहायचं, ते मी शिकवेन. गोळी अंगवळणी पडेपर्यंत तीन आठवडे मशीनला हात लावायचा नाही."

सोमवारी मास्तरांनी डबा मेहुण्याच्या टेबलावर आपटला. मेहुण्याने एक पातं उजेडात धरलं. कापणं तो मास्तरांच्याच हाताखाली शिकला होता.

"हे कापड कापून झिजलेलं नाही," तो म्हणाला. "नुसतं घासलंय."

मास्तरांनी डॉक्टरचा कागद पुढे सरकवला.

"चोरी असती तर सोपं होतं, दाजी. आता शेठना काय सांगू, मास्तर घाबरतात?"

"तेच सांग."

"आणि उद्या ऐंशी शर्ट गेले तर?"

"आठ महिने घाबरतच कापतोय. एक तरी शर्ट गेला?"

मेहुण्याने पातं डब्यात टाकलं आणि हुकूम सोडला. तीन आठवडे मास्तर कापलेल्या तुकड्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले. "मास्तर, चिठ्ठीला घाबरत नाही ना?" बायका विचारायच्या. मास्तर दात-ओठ खायचे, गोळी घ्यायचे, आठवड्याला जाऊन न आवडणाऱ्या बाईंसमोर बसायचे.

चौथ्या आठवड्यात मेहुण्याने नवं पातं त्यांच्यासमोर टाकलं. "दीड महिना. एक दिवस कमी चालणार नाही."

तिसऱ्या दिवशी, बाहीच्या वळणावर, ती आलीच. छाती, हात, सगळं तसंच. अंगठा खटक्याकडे गेला. मास्तरांनी मशीन बंद केलं आणि दोन्ही तळवे कापडावर टेकवून उभे राहिले. सगळ्यांच्या देखत, काही कारण न दाखवता.

"काय झालं?" मेहुणा ओरडला.

"भीती आलीय."

"मग?"

"मग काय! उभा आहे. जाईल."

मेहुण्याने घड्याळाकडे बघितलं. "लवकर घालवा. संध्याकाळी माल जायचाय."

"ती काय तुझी नोकर आहे?" मास्तर गुरगुरले.

घाम नाकावरून थप्पीवर पडला. बऱ्याच वेळाने त्यांनी बटण दाबलं, आणि बाहीचं वळण खडूच्या रेघेवरून पुरं केलं.