तेरा पायऱ्या उतरलेलं फाटक

मी फाटक बोलतोय. बंगल्याचं नव्हे, घराच्या आतलं. माझी उंची माणसाच्या मांडीएवढी. रांगती पोरं आणि घरातली कुत्री जिथं जाऊ नयेत तिथं जाऊ नयेत, एवढ्याचसाठी माझा जन्म. मोठी माणसं मला ओलांडताना हमखास काहीतरी पुटपुटतात. मी ते मनावर घेत नाही.

कारखान्यात मला पांढरा रंग मिळाला, मधोमध एक दार मिळालं आणि चार कोपऱ्यांना चार रबरी चकत्या. या चकत्या पिळून भिंतींवर दाबल्या की मी दोन भिंतींच्या मध्ये घट्ट उभा राहतो. खिळा नको, स्क्रू नको. दुकानात माझं कौतुक व्हायचं ते याच गुणाचं. माझी सगळी मर्यादाही याच गुणात होती, पण तिचं कौतुक कोण करणार?

मला घ्यायला एक बसचालक आणि त्यांची बायको आली. बायको दातांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देण्याचं काम करायची. मोजमाप नवऱ्याकडे होतं, म्हणजे त्यांच्या हातांत. घरी जिन्याजवळ दोन्ही हात फाकवून त्यांनी अंतर घेतलं होतं आणि तसेच हात फाकवून ते दुकानापर्यंत आले होते. दार त्यांना खांद्यानं ढकलावं लागलं.

"एवढं," ते म्हणाले.

"बसेल," विक्रेता म्हणाला. तो सगळ्यांना हेच सांगायचा.

"कुत्रा उडी मारून जाईल का हो?" बाईंनी विचारलं.

"आमच्या गेटवरून कुत्रा जात नाही, ताई."

हे कुत्र्यांना कुणी कळवलं होतं कोण जाणे. बाईंनी शेजारच्या लाकडी गेटला हात लावला. विक्रेता म्हणाला, त्याला भिंतीत स्क्रू मारावे लागतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घर भाड्याचं होतं आणि भिंतीला भोक पाडायचं नाही ही घरमालकांची पहिली अट होती. लाकडी गेट तिथंच राहिलं. मी खोक्यातून घरी आलो.

घरात चौदा महिन्यांची एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कुठल्याही फटीतून कुठंही पोचायची. ढेकूळ नावाचा एक तपकिरी कुत्रा होता. आणि बाईंचे वडील होते, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलीकडे राहायला आलेले. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. मुंगीचे हे आजोबा कमी बोलायचे आणि रागावले की फार आदरानं बोलायचे.

मला जिन्याच्या वरच्या तोंडाशी बसवण्यात आलं. माझ्याबरोबर आलेला माहितीचा कागद घरात एकट्या आजोबांनी वाचला. त्यात तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, की हे गेट जिन्याच्या वरच्या टोकाला लावू नये.

"हे इथं चालणार नाही," ते जावयाला म्हणाले.

"बाबा, मी स्वतः हलवून बघितलंय."

"किती वेळा?"

"एकदा."

"मुंगी दिवसाला चाळीस वेळा हलवते."

"तुम्ही फार काळजी करता," जावई म्हणाले आणि कामावर गेले. माणूस वाईट नव्हता. पण सबंध शहर ज्याच्या हातात बिनघोर बसून जातं, त्याला घरात कुणी चूक दाखवली की पटत नाही.

आजोबांचं म्हणणं खरं होतं. मुंगी सकाळी उठली की माझ्या दोन गजांना धरून उभी राहायची आणि सगळ्या अंगानं मला गदागदा हलवायची. खाली ढेकूळ शेपटी हलवत बघत बसायचा. दर झटक्याला माझी खालची डावी चकती केसभर सरकायची. मला ते कळत होतं. सांगायची सोय नव्हती. पोरगी बोबड्या आवाजात मला "फाता" म्हणायची आणि गार लोखंडाला गाल लावून मुका द्यायची, तेव्हा मी भिंतीला जमेल तेवढं धरून ठेवायचो.

आणखी एक गोष्ट कुणी दुकानात विचारली नव्हती. माझी कडी अंगठ्यानं दाबून वर उचलावी लागते. आजोबांचा अंगठा संधिवातानं आखडलेला. त्यामुळे नात चौदा महिन्यांची, कुत्रा चार वर्षांचा आणि आजोबा एकाहत्तर वर्षांचे, या तिघांनाही मी सारखंच अडवायचो. चहाची वेळ झाली की ते माझ्यापाशी येऊन उभे राहायचे. हाक मारायला त्यांना जड जायचं. मग खोकायचे. त्यांची मुलगी खालून येऊन कडी उघडायची. "अहो बाबा, हाक मारायची ना!" ती म्हणायची. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकायचे.

एका रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली.

"जावईबापू, जरा वर येता का? चहा घेऊन आलात तरी चालेल."

इतका आदर ऐकून मुलगी मुंगीला कडेवर घेऊन जावयाच्या मागोमाग आली. आजोबांच्या पायाशी ढेकळाच्या खाण्याची न फोडलेली पिशवी होती. कपाटातून ती त्यांनी फरफटत आणली होती.

"मुंगीचं वजन किती?"

"दहा किलो," मुलगी म्हणाली.

"ही पिशवी दहा किलोची. लिफ्टमध्ये माणूस चढवण्याआधी आम्ही वजनं चढवायचो." असं म्हणून त्यांनी सगळ्यांना माझ्या आतल्या बाजूला, खोलीत घेतलं, पिशवी माझ्या अंगावर उभी टेकवली आणि मुंगी हलवते तसं मला पिशवीसकट हलवायला लागले. एक. दोन. तीन.

चौथ्याला मी गेलो.

मी तेरा पायऱ्या उतरलो. पहिल्या चार मी मोजल्या, बाकीच्यांचा हिशेब आवाजावरून लागतो. पिशवी माझ्याबरोबर आली आणि सातव्या पायरीवर फुटली. खाली ढेकूळ होता. त्या सकाळी घरात समाधानी असा तो एकटाच.

वर मुंगीनं टाळ्या वाजवल्या. तिच्या आईनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि सोडले नाहीत. जावई चहाचा कप हातात घेऊन रिकाम्या जिन्याकडे बघत राहिले. मग ते सगळ्यात वरच्या पायरीवर खाली बसले. कप त्यांनी बाजूला ठेवला.

"ती रोज इथंच उभी असते," ते म्हणाले.

"हो," आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतंत."

"ते राहू द्या. घरमालकांचा नंबर द्या."

फोन आजोबांनीच केला. मी खाली उताणा पडलो होतो, मला एकच बाजू ऐकू आली. "चार भोकं पाडणार आहे. नाही, परवानगी मागत नाही, कळवतोय. घर सोडताना बुजवून देईन, रंगासकट. तुमची नातवंडं काय म्हणतात?"

त्याच दिवशी आजोबा आणि जावई दुकानात गेले, या वेळी टेप घेऊन. लाकडी गेट घ्यायचं ठरलेलंच होतं. पण आजोबांनी दुकानातल्या प्रत्येक गेटची कडी आपल्या अंगठ्यानं उघडून बघितली, असं जावयांनी घरी आल्यावर सांगितलं. चार कड्या त्यांना उघडेनात. पाचवी उघडली तेव्हा जावईच म्हणाले, "हेच द्या." बायकोला हे सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलला. तिनं पाठ फिरवून कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांना कारण मिळालं.

मला दुरुस्त करून स्वयंपाकघराच्या दारात बसवलं. तिथं पायऱ्या नाहीत. मी पडलो तर फार तर ढेकळाच्या अंगावर पडेन. दोन वर्षं मी तिथं इमानानं उभा राहिलो. कडी माझी तीच, म्हणून चहाच्या वेळी आजोबा तिथंही खोकायचे. ढेकळाला खरंतर मला सहज ओलांडता आलं असतं. त्यानं तो प्रयत्न कधीच केला नाही. विक्रेत्याचं एक वाक्य खरं निघालं.

गेल्या आठवड्यात मुंगीनं माझी कडी स्वतः उघडली, आत जाऊन केळं घेतलं आणि जाताना मला नीट लावलं. आईनं तिला उचलून घेतलं. फाटक उघडलं म्हणून टाळ्या वाजल्या आणि संध्याकाळी मला काढण्यात आलं. तक्रार नाही.

आता मी बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. बाईंच्या दवाखान्यातल्या एका सहकारिणीला मी द्यायचा आहे. माझी तिला एवढीच विनंती, की मला कुठं लावायचं हे घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला आधी विचारावं.

इथून मला स्वयंपाकघराचं दार दिसतं. मध्ये काही नाही, तरी ढेकूळ रोज तिथं येऊन थांबतो आणि हवेकडे बघत बसतो. आज आजोबा चहा करायला निघाले. त्याच्या शेजारी क्षणभर तेही थांबले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चल रे, उघडंच आहे," आणि दोघं आत गेले.