खरवडायचे राहिलेले मेण

मित्रांनो, भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडाला कुणी विचारत नाही, की बाई, तू कोण? म्हणून मीच सांगते. मी एक जुनी, लांब बर्फफळी आहे. हल्ली जिला स्नोबोर्ड म्हणतात त्याच जातीची, पण आजच्या फळ्यांपेक्षा हातभर लांब. उभी केली तर उंच माणसाच्याही डोक्यावरून माझे टोक डोकावते. मला माझी गोष्ट नीट सांगता येईल का, याची शंकाच आहे. आयुष्यभर मी उतारावरून खाली येण्यापलीकडे काही केलेले नाही, आणि त्यात बोलावे लागत नाही. तरी प्रयत्न करते.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या उत्तर टोकाला ईस्ट मार्डन नावाचे गाव आहे. तिथे कुऱ्हाडीचे दांडे करणारा कारखाना होता आणि रेनाल ब्रुसो तिथे कामाला होता. दांड्यांना ॲश नावाच्या झाडाचे लाकूड लागे. ते चिवट असते, वाकते पण मोडत नाही. ज्या पट्टीवर काळसर रेघ निघे ती कितीही भक्कम असली तरी जळणात जाई, कारण गिऱ्हाईक पांढरा दांडा मागे. १९८२ सालच्या पानगळीत रेनालने अशा अकरा पट्ट्या जळणातून उचलून घरी आणल्या. त्या एकमेकींना चिकटवल्या, पुढचे टोक वाफेवर धरून वाकवले, कडेला पोलादाची बारीक पट्टी बसवली आणि पाय अडकवायला रबरी पट्टे ठोकले. अशी मी जन्मले.

त्याचे नवीनच लग्न झाले होते. त्याची बायको ओडिल कोठाराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला वाटलं, पाळणा करतोयस," ती म्हणाली.

"पाळणा जागच्या जागी हलतो. ही पार खाली जाईल."

"आणि तू?"

"मीही जाईन की. हिच्यावर, नाहीतर हिच्या मागून."

पाळणा त्या घरात पुढेही आला नाही. त्याबद्दल ती दोघे कधी बोलत असतील तर माझ्यासमोर बोलली नाहीत.

त्या काळी माणसांना डोंगरमाथ्यावर नेणाऱ्या लिफ्टमध्ये दोन पायांना दोन अरुंद स्की बांधणाऱ्यांनाच घेत; आम्हां फळ्यांना मज्जाव होता. जवळच्या एका उतारावर रेनाल आणि त्याचा मित्र मर्टन हॅच मला घेऊन गेले, तेव्हा तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "हे काय? इथं सुतारकाम चालत नाही."

"मग तुमच्या त्या दोन काड्या काय झाडाला लागतात?" मर्टनने विचारले.

दोघांनाही बाहेर काढले. मग ते मर्टनच्या गवताच्या कुरणामागची टेकडी पायी चढू लागले. तासभर चढायचे आणि दोन मिनिटांत खाली यायचे. मित्रांनो, त्या दोन मिनिटांचे वर्णन मला जमणार नाही. पिठासारखा भुसभुशीत बर्फ, त्यावर लांब फळी जवळजवळ तरंगते, वळण घ्यायला सावकाश झुकते, आणि कसलाही आवाज येत नाही. रेनाल वरून खाली येईपर्यंत श्वास रोखून धरत असावा, कारण पायथ्याशी आल्यावर तो नेहमी एक लांब सुस्कारा सोडी.

आमच्या लोकांची एक रीत आहे, ती सांगायला हवी. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की फळीच्या तळाला इस्त्रीने गरम मेण लावतात. जाड थर लावतात आणि तो तसाच राहू देतात. उन्हाळाभर तळ वाळू नये, म्हणून हे उन्हाळी मेण. मग पहिला बर्फ पडतो त्या सकाळी अंगणात उभे राहून ते खरवडायचे. मेणाच्या पातळ सालपटांचा सडा पडतो, तळ गुळगुळीत निघतो, आणि फळी जायला तयार होते. मेण लावल्यावर रेनाल शेवटी शेपटीकडे अंगठा दाबून पाही, थर पुरेसा जाड झाला की नाही ते. त्या अंगठ्याचा ठसा उन्हाळाभर माझ्यावर राही. पहिल्या बर्फाला तो खरवडला जाई आणि पुढच्या एप्रिलला नवा उमटे.

"माझी इस्त्री!" पहिल्या वर्षी ओडिल ओरडली होती. "सगळ्या गावात एक तूच, बायकोच्या इस्त्रीनं लाकूड परीटघडीचं करणारा!"

"तुझ्या ब्लाउजपेक्षा ही जास्त चमकते बघ."

"मग रात्री जेवण तिच्याकडेच माग."

ती इस्त्री कायमची कोठारात गेली. ओडिलने दुसरी घेतली.

पुढे लिफ्टवाल्यांनी आम्हांला आत घेतले, आणि फळ्या आखूड झाल्या. उड्या मारायला, गिरक्या घ्यायला आखूडच बरी. आमच्या पिढीच्या लांब फळ्या लोकांनी टाकून दिल्या, आणि रेनाल त्या गोळा करू लागला. एक कोंबड्यांच्या खुराड्यात बैठकीसाठी लावलेली होती. एक वासरांना अडवायला आडवी बांधलेली होती. एका म्हातारीच्या खिडकीत फळीवर टोमॅटोची रोपे मांडली होती. ती म्हणाली, "फळी ने हवी तर, पण माझ्या रोपांना दुसरी करून दे. आणि सरळ कर, ही मेली टोकाला वाकडी आहे." रेनालने तिला नवी, सरळ फळी करून दिली.

माझ्यासकट आम्ही चौदा झालो. तो आम्हांला घरातल्या शेगडीजवळ ठेवत नसे, ऊब लागून लाकूड तडकते म्हणून. जमिनीवरही ठेवत नसे. कोठारात, जिथे वारा खेळतो तिथे, लाकडी खुंट्यांवर आम्ही असू. वरच्या बाजूला जवसाचे तेल, कडेला गंज दिसला की तारेच्या घासणीने हलका हात. आणि भिंतीवरची शोभा म्हणून त्याने एकीलाही ठेवले नाही. हिवाळ्यात प्रत्येकीला एकदा तरी टेकडीवर नेई. पहिल्या बर्फाला मात्र नेहमी मीच.

२००९ च्या एप्रिलमध्ये त्याने चौदा फळ्यांना उन्हाळी मेण लावले. जूनमध्ये तो रानात लाकूड तोडायला गेला. वरून एक वाळकी फांदी सुटली. तो चोपन्न वर्षांचा होता.

त्या नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला, तेव्हा मर्टन खरवडणी घेऊन आला. ओडिल कोठाराच्या दारात उभी होती.

"त्याची फळी वर नेतो," मर्टन म्हणाला. "त्यालाही तेच आवडलं असतं. मेण काढून..."

"हात लावू नकोस."

"ओडिल, मेण काढायचंच असतं गं."

"त्याचा अंगठा आहे त्याच्यावर, मर्टन. घरात त्याचं दुसरं काय आहे? शर्ट धुतले मी. मूर्खासारखे सगळे धुऊन टाकले." तिने दाराची कडी धरली. "हे नाही धुणार."

मर्टन खरवडणी खिशात घालून परत गेला.

मग तिला काळजी लागली. कोठारात धूळ उडते, धूळ मेणावर बसेल. उंदीर कुरतडतील. उन्हाळ्यात ऊन वाढले तर मेण मऊ होऊन ठसा मिटेल. तिने जाड प्लास्टिक आणले, आम्हां चौदाजणींना एकेक करून गुंडाळले, सगळीकडून चिकटपट्टी लावली, कुठे फट राहिली नाही ना ते दोनदा पाहिले, आणि कोठाराच्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात आम्हांला एकीवर एक रचून ठेवले. मित्रांनो, इतक्या मायेने मला त्याआधी कुणी हाताळले नव्हते. रेनालनेसुद्धा नाही.

पण लाकूड मेले तरी श्वास घेते. दिवसा आमच्यातली ओल बाहेर येई, प्लास्टिकला आतून थेंब धरत, रात्री ते पुन्हा आमच्यावर गळत. जाणार कुठे? पहिल्या वर्षी माझ्या कडेला गंज आला. तिसऱ्या वर्षी चिकटवलेल्या पट्ट्या सुटू लागल्या. मी ओरडू शकत नव्हते. तळावरचे मेण मात्र पहिल्या दिवसासारखेच होते.

दर वर्षी पहिल्या बर्फाला मर्टन येई. ओडिल त्याला कॉफी देई, मेपलचा पाक घातलेला केक देई.

"यंदा?" तो विचारी.

"यंदा नाही."

"तुझा केक दरवर्षी कोरडा होत चाललाय, माहितीय का?"

"मग खाऊ नकोस. कुणी बोलावलं होतं तुला?"

दोघे थोडे हसत. अशी आठ वर्षे गेली. नवव्या वर्षी, बर्फ पडायच्या आधीच, मर्टन आला. जिन्याची पायरी चढताना त्याने कठडा घट्ट धरला होता, ते तिने पाहिले.

"गुडघे गेले माझे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, जानेवारीत कापाकापी. त्यानंतर टेकडी नाही. मला एकदा जायचंय ओडिल. त्याच्या फळीवरून. तू नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही."

ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होते.

"पहिल्या बर्फाला तो कुठली न्यायचा?"

"तुला ठाऊक आहे कुठली."

दोघे कोठारात आली. तिने मला ओढून काढले आणि चाकूने प्लास्टिक फाडले. आतून जो वास आला तो पावसात कुजलेल्या पानांचा होता. माझा वरचा भाग काळा पडला होता. मर्टनने माझ्या वाकड्या टोकावर अंगठ्याचे नख दाबले, आणि नख आत गेले, पावात जावे तसे. त्याने ते बाहेर काढले आणि पँटला पुसले.

ओडिलने मला उलटे केले. तळावर मेणाचा पिवळसर थर अखंड होता. त्यावर रेनालच्या अंगठ्याची रेघ न् रेघ शाबूत होती.

"हे तर नीट आहे," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "दुरुस्त होईल ना?"

"नाही."

"थोडी तरी?"

"माणूस उभा राहिला की मोडेल. त्याच वर्षी उघड्यावर टांगली असती, ओडिल... जाऊ दे."

"जाऊ दे म्हणू नकोस. सांग."

"लाकडाला वारा लागतो. ते तुला सांगायचं त्याचं राहून गेलं असेल. त्याला कुठं माहीत होतं?"

ओडिल माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मग तिने मर्टनपुढे हात केला, आणि त्याला कळले. त्याने खिशातून खरवडणी काढून दिली. तिने यापूर्वी हे काम कधी केले नव्हते. पहिले दोन हात चुकले, खरवडणी मेणात रुतली.

"आडवी धर," मर्टन म्हणाला. "टोकाकडून शेपटीकडे. उलटं नको."

"मला शिकवू नकोस."

पण तिने आडवी धरली. सालपटे पडू लागली. शेपटीपाशी येऊन ती थांबली.

"तेवढं राहू दे हवं तर," मर्टन म्हणाला. "ही कुठं जाणार आहे आता?"

"त्यानं राहू दिलं असतं?"

मर्टनने नकारार्थी मान हलवली. तिने दोन्ही हातांनी खरवडणी धरली आणि ओढली. मला तिचा राग आला का? नाही. मला तिची कीव आली, आणि थोडी माझीही.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत तिने बाकीच्या तेराजणींची प्लास्टिके फाडली. सातजणी माझ्यासारख्याच गेल्या होत्या. सहा वाचल्या होत्या; त्या वरच्या होत्या, त्यांना ओल कमी लागली होती. दोघांनी त्या वाऱ्याला टांगल्या, तेल दिले, गंज घासला. दहा दिवसांनी बर्फ पडला. त्या सकाळी अंगणात ओडिलने सहा फळ्यांचे मेण एकटीने खरवडले. रेनालचे आणखी पाच जुने सोबती आले होते. मर्टनने टोमॅटोवाल्या म्हातारीची फळी घेतली आणि हळूहळू, दर पन्नास पावलांवर थांबत, तो टेकडी चढला. मी कोठाराच्या दारात टेकलेली होते. वरून आरोळ्या आल्या. मग बराच वेळ काहीच आवाज नाही, आणि मला कळले की ते खाली येत आहेत.

पुढच्या एप्रिलमध्ये ओडिलने जुनी इस्त्री तापवली. मेण इकडे जाड, तिकडे पातळ झाले. मर्टन काठी टेकून खुर्चीवर बसला होता. "भिंत सारवतेयस की काय?" तो म्हणाला. सहा फळ्या झाल्यावर ती गरम इस्त्री हातात घेऊन माझ्यापाशी आली. मेणाची वडी तिने इस्त्रीला जवळजवळ टेकवली होती.

"हिला?" तिने विचारले.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने इस्त्रीची पिन काढली.

मित्रांनो, ते योग्यच झाले. मेण पुढच्या हिवाळ्यासाठी लावतात, आणि मला पुढचा हिवाळा नाही. माझे मागणे फार नाही. तुमच्या घरात कुणाच्या तरी हातची एखादी जुनी वस्तू असेल. सायकल असेल, वाद्य असेल, आणखी काही असेल. तो हात आता नसेल, तर तुम्हांला ती जपून, बांधून ठेवावीशी वाटेल. मला ते समजते. तरीही ती सोडा. तिला वारा द्या, तेल द्या, आणि तिचा मोसम आला की बाहेर काढून वापरा. वापरताना त्या हाताची खूण पुसली जाईल, आणि तुम्ही रडाल. रडा. पण वस्तू वाचेल.

काल मर्टन ओडिलला सांगत होता, की उतारावर लांब फळी कशी झुकवायची. ती म्हणाली, "या वयात? वेडा आहेस का?" मग थोड्या वेळाने तिने विचारले, "कुठला पाय पुढे?"